शुगर-बीपीसाठी ऑनलाइन ‘सर्वांगीण’ सेवा: आठ महिन्यांनंतर

टाइप 2 डायबेटिस आणि बीपी, दोन्ही असलेल्या साठीपुढच्या पेशंटसाठी एका खासगी कंपनीचा प्लॅन आठ महिने वापरला. त्यात महिन्याला डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल, पंधरवड्याला आहारतज्ज्ञ, आठवड्याला योगाचा वर्ग आणि रीडिंग भरायला ॲप एवढं मिळतं. डॉक्टर भेटतात जेमतेम दहा मिनिटं. ती कारणी लागतात की नाही, हे घरून पाठवलेल्या आकड्यांवर ठरतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सुरुवातीचे दोन महिने बीपी सतत चढंच दिसत होतं, गोळी वाढवायची वेळ आली होती. दोष कफचा, म्हणजे मशीनच्या दंडावर गुंडाळायच्या पट्ट्याचा निघाला. किटमधला कफ 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडासाठी होता आणि पेशंटचा दंड भरला 34. कफ लहान पडला की बीपी खोटं वाढलेलं दिसतं. त्यामुळे मशीन घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. मग पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं आणि दंड छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवायचा. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, सकाळी गोळीआधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी पाठवा. घरच्या मोजणीत 135/85 च्या वर सरासरी गेली तर ती जास्त धरतात. ॲपमध्ये सरासरीची सोय नाही, वहीच बरी.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना ओल चालत नाही, आणि आपल्याकडचा पावसाळा तर माहीतच आहे. डबीचं झाकण पट्टी काढल्या काढल्या लावा, पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नका. गूळ फोडला किंवा केळं सोललं आणि तसंच बोट टोचलं तर शुगर भलतीच जास्त येते. नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही. साबणाने धुऊन बोट कोरडं करा. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. मीटर आणि लॅबच्या आकड्यात 15 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, तेवढ्यासाठी कस्टमर केअरशी भांडू नका. पेशंटला ॲनिमिया असेल तर एचबीए1सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) फसवू शकतं, हे पहिल्याच कॉलला सांगा.

आहाराचा पहिला तक्ता ओट्स आणि किनोआचा आला. कोल्हापुरात तो किती दिवस टिकणार! मराठी बोलणारी आहारतज्ज्ञ मागून घेतली तेव्हा गाडी रुळावर आली. तिने ज्वारीची भाकरी पिठाच्या वजनावर बसवली: 60 ग्रॅम पिठाची एक, म्हणजे जवळपास 40 ग्रॅम कर्बोदकं. रविवारचं मटण बंद केलं नाही. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, म्हणून अर्धी वाटी. तांबड्यावरचा कट काढून टाकायचा. भात आणि भाकरी यातलं एकच. मिसळीत खरी अडचण फरसाण आणि पावाची. सैंधव मीठ बीपीला चालतं हा गैरसमज तिनेच काढला, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्लॅनमध्ये आयुर्वेदाचा सल्लाही होता. इथे जपून. गुडमार किंवा कारल्याचं चूर्ण शुगरच्या ग्लिमेपिराइड गोळीसोबत सुरू झालं तर शुगर खाली घसरू शकते, आणि दोन डॉक्टर एकमेकांची चिठ्ठी बघतातच असं नाही. दोघांनाही सगळ्या औषधांचा फोटो पाठवायचा. शुगर 70 च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा.

पायांची संवेदना तपासणं, डोळ्याचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन हे कॉलवर होत नाही. वर्षातून एकदा प्रत्यक्ष जाऊनच करायचं, सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिथे रोजचे डॉक्टर असतील तिथे. छातीत दुखलं, एका बाजूची ताकद गेली तर ॲप उघडत बसू नका, थेट 108.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. एकदा तो नव्हता आणि मेडिकलवाल्याने, बरोबरच केलं, औषध नाकारलं. पुराच्या दिवसांत मात्र सेवा कामाची. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेने रस्ते बंद केले होते, तसं पुन्हा झालं तरी फोनवर सल्ला मिळतो. औषधं पोहोचतीलच असं नाही, म्हणून जूनअखेर 15 दिवसांचा जादा साठा करावा. गगनबावडा, शाहूवाडीकडे रेंजची बोंब असते. तिथे साधा ऑडिओ कॉल मागा.

फक्त डॉक्टरांचा सल्ला हवा असेल तर सरकारची ई-संजीवनी मोफत आहे. पैसे मोजायचे ते आहारतज्ज्ञासाठी. प्लॅन बंद करताना ॲप काढून टाकणं पुरत नाही. यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची परवानगी स्वतः रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कटतात.