खाणीची माती: प्रयोगशाळेत की जागेवरच?
सोलापूर परिसरातील बंद दगडखाणींवर मूळचे माळरान परत आणायचे असेल, तर प्रयोगशाळेतील माती परीक्षणाआधी मी जागेवरच्या खड्डा-तपासणीला पसंती देईन. प्रयोगशाळा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल), क्षारता, सेंद्रिय कर्ब नेमके सांगते. मात्र नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला जात असल्याने मुरमाड भरावातले दगडगोटे, ज्यांच्यावर ओल टिकणे बरेचसे अवलंबून असते, अहवालातून निसटतात. शिवाय शिफारशी पिकांसाठी असतात; ‘स्फुरद (फॉस्फरस) कमी’ एवढे वाचून खत टाकले, तर कुसळी-पवन्या या माळावरच्या मूळ गवतांऐवजी गाजरगवत माजण्याचाच धोका अधिक. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे पाहावे, ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकून चुनखडीचा फेस तपासावा आणि हे सारे शेजारच्या न खणलेल्या माळाशी ताडावे. क्षार साचल्याची शंका आली, तर मात्र प्रयोगशाळेला पर्याय नाही.