सरकारी विद्यापीठ की लिबरल आर्ट्स कॉलेज? आधी वर्गातली जागा बघा

अमेरिकेत पदवीला जाणाऱ्यांच्या यादीत बहुधा दोन टोकं असतात: पर्ड्यू, इलिनॉय अशी अवाढव्य सरकारी विद्यापीठं आणि ॲमहर्स्ट, ग्रिनेल अशी दोनेक हजार मुलांची लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे फक्त कला शाखेची नव्हे, तर विज्ञानासकट सगळे विषय शिकवणारी छोटी कॉलेजं. रँकिंग नि फीचे तक्ते सगळ्यांनी पाहिलेलेच असतात. वर्गात जागा मिळेल का, हे मात्र त्यांत नसतं, आणि माझं पारडं लहान कॉलेजांकडे झुकलं ते तिथेच.

हिशेब असा. पदवीला साधारण 120 क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले गुणांक) लागतात, म्हणजे आठ सेमिस्टरमध्ये सरासरी 15. एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा टिकवायला सेमिस्टरला 12 पुरतात, त्यातही ऑनलाइनची जास्तीत जास्त 3 धरतात. मोठ्या विद्यापीठात विषयांची नोंदणी वरच्या वर्षांना आधी उघडते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाची पाळी येते तेव्हा डेटा स्ट्रक्चर्ससारख्या कॉम्प्युटरच्या पायाभूत विषयाच्या तुकड्या भरलेल्या असतात, वेटलिस्टही लांबलेली. अमेरिकन मुलगा अर्धवेळ होऊ शकतो, लागतील तितके विषय ऑनलाइन उरकतो. तुम्ही 12चा आकडा गाठायला मिळेल तो विषय घेता. व्हिसा वाचतो, पण एक विषय अडला की त्याच्यावर टेकलेले पुढचे दोन-तीनही अडतात. दर वेळी 12च झाले तर दहा सेमिस्टर लागतात. म्हणजे राज्याबाहेरच्या मुलांना लागणाऱ्या चढ्या दराने आणखी वर्षाची फी, वर आय-20ची (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदाची) मुदत संपण्याआधी ती वाढवायला पटेल असं शैक्षणिक कारण आणि पैशांचा नवा पुरावा.

ॲमहर्स्टला पदवी 32 विषयांची, सेमिस्टरला चार. अशा ठिकाणी वर्ग भरला तरी प्राध्यापकाला गाठून बोलता येतं, आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवायचा असतो. मोठ्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश नसेल, तर मागाहून तिकडे वळणं बहुतेक ठिकाणी फार अवघड.

इंजिनिअरिंगच हवं असेल तर विद्यापीठ बरं. स्वार्थमोर, हार्वी मड, स्मिथ असे अपवाद सोडले तर लहान कॉलेजांत ते नसतंच. नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्याही मोठ्या आवारातच जास्त. लहान कॉलेजात वरच्या पातळीचा एखादा विषय वर्षाआड निघतो, तेव्हा मागच्या चार सेमिस्टरची वेळापत्रकं चाळून पाहा. (पुण्यातले नातेवाईक ‘आर्ट्सला का गेला?’ विचारतील, ते वेगळं.)

अर्थशास्त्रवाल्यांनी मेजरचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) विचारून घ्यावा. 45.0603 असेल तर तो स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटात) मोडतो आणि ओपीटीच्या, म्हणजे पदवीनंतर नोकरी करायच्या परवानगीच्या, 12 महिन्यांवर आणखी 24 मागता येतात, 45.0601 असेल तर नाही. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वर्षी पुन्हा खात्री करा.

फीसाठी कॉलेजाकडून आर्थिक मदत हवी असेल तर ती प्रवेशअर्जासोबतच मागा. पहिल्या वर्षी न मागितलेली मदत पुढे देत नाहीत, अशी कॉलेजं पुष्कळ आहेत. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांचाही प्रवेश पैशांकडे न पाहता ठरवतात.

विद्यापीठाकडेच मन ओढत असेल तर एक करा. बऱ्याच विद्यापीठांचं वेळापत्रक लॉगिनशिवाय दिसतं. सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तुमच्या मेजरचे दुसऱ्या वर्षाचे विषय उघडा आणि किती तुकड्यांपुढे शून्य जागा आहेत ते मोजा.