घोट्याचे वजनपट्टे: गुडघा बदलल्यानंतरचा साडेपाच महिन्यांचा अनुभव

माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून सात महिने झाले. घोट्याला बांधायच्या वाळूच्या वजनपट्ट्यांच्या दोन जोड्या, एक अर्ध्या किलोची आणि दुसरी एक किलोची, मी शस्त्रक्रियेच्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. पहिले दीड महिना मात्र त्या कपाटातच राहिल्या. सांधा नवा मिळाला तरी मांडीच्या पुढच्या भागातला स्नायू शस्त्रक्रियेनंतर पूर्वीपेक्षाही दुबळा होतो, आणि सांध्यात सूज असेपर्यंत तो मनासारखा आवळताच येत नाही. उताणे झोपून पाय उचलला की टाच उठे, पण गुडघ्यात थोडा बाक राहीच. तो बाक जाईपर्यंत वजन बांधायचे नाही, अशी फिजिओथेरपिस्टबाईंची ताकीद होती. तोवर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, वाटी वर सरकलेली दिसली की पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे, एवढाच उद्योग होता.

अर्ध्या किलोने सुरुवात ठीक झाली. एक दिवसाआड, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. तिसऱ्या महिन्यात हुरूप येऊन मी एक किलोचा पट्टा बांधला आणि दुसऱ्या दिवशी गुडघा गरम होऊन सुजला. दोन दिवस बर्फ शेकत बसावे लागले. अर्ध्यावरून एक म्हणजे वजन थेट दुप्पट, हे तेव्हा ध्यानातच आले नाही. त्यामुळे आता कोणी विचारले, तर छोट्या पिशव्या काढता-घालता येतील असाच पट्टा घ्या, असे मी सांगते.

मालाबद्दल तक्रारी दोन. चिकटपट्टीत गाऊनचे धागे अडकून तिची पकड जाते (जुन्या टूथब्रशने साफ केल्यावर परत येते), आणि चौथ्या महिन्यात एका पट्ट्याची शिवण उसवून पलंगभर वाळू झाली. उघड्या कातडीवर पट्टा घासतो, म्हणून मी मोजा घालूनच बांधते.

गुण आला का, तर आला. वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर शिंप्याची टेप लावून मी दोन्ही मांड्या मोजते. दुसऱ्या महिन्यात उजवी साडेतीन सेंटिमीटर बारीक होती, आता एक. मात्र याचे सगळे श्रेय पट्ट्यांना देता येणार नाही, कारण हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्याच्या फुकटच्या व्यायामाने माझ्या मते अधिक काम केले. जिना चढणे तिसऱ्या महिन्यातच जमू लागले होते, पण कठडा न धरता पायरीला एकेक पाऊल टाकत उतरायला सहावा महिना उजाडला.

अर्ध्या किलोची जोडी आता झिजलेल्या डाव्या गुडघ्याच्या कामी येते.