जुन्या मोंढ्यातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान (मामा दिवाळीपर्यंतच आहेत)

आमच्या बदनापूरकडं मोसंबी आहे म्हणजे मोटर जळणारच. माझी प्रत्येक मोटर जालन्यात याच दुकानात आली. २०१२ च्या दुष्काळात बोअर आटलं, मोटर कोरडी फिरून जळाली, तेव्हा दुकानवाल्या मामांनी तांब्याच्या तारेचे तेवढे पैसे घेतले. "बाग वाचली की बघू मजुरीचं." बाग वाचली नाही. मजुरीही त्यांनी परत काढली नाही.

काम चोख. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम घालणार नाहीत, जळकी तार वजन करून हातात देतात. तक्रार एकच : "उद्या ने" म्हणजे परवा संध्याकाळी, तेही दोन फोन झाल्यावर.

आता मामा, काकू अन् धाकटी लेक युगांडाला चाललेत. तिथं उत्तरेला दक्षिण सुदानातून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांच्या वस्त्या आहेत, बिडीबिडी त्यातली मोठी. मामा हापसे दुरुस्त करणार, काकू नर्स होत्याच. मी चिडून म्हटलं, आपल्याकडं काय बंद हापसे कमी पडलेत का? मामा हसले, "तिथला हापसा आपलाच आहे रे."

खरंच आहे. तिकडं इंडिया मार्क टू हा आपल्या भारतातलाच हापसा चालतो, आणि त्याच्याही आधी जालन्यातल्या मिशनऱ्यांनी पोलादी हापसा घडवला होता. जालना पंपच म्हणायचे त्याला. हे मला पन्नाशीत कळलं!

दुकान आता कारागीर पोऱ्या बघतो. परवा त्याच्याकडं साडेसात एचपीची मोटर टाकली. वाइंडिंग घट्ट, बेरिंग नवं, आवाज नाही. मिळाली मात्र तिसऱ्या दिवशी.