कॅम्परव्हॅनचे नऊ महिने: वर गगनबावडा, खाली विजयदुर्ग

मे ते जानेवारी, अकरा फेऱ्या, बहुतेक एकाच वाटेवर: कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, तळेरे, मग विजयदुर्ग किंवा कुणकेश्वर. जुनी डिझेल व्हॅन घेतली. आत पलंग, छोटा ओटा, 60 लिटरची पाण्याची टाकी, 12 व्होल्टचा फ्रीज आणि टपावर 200 वॅटचं सोलर पॅनल बसवून घेतलं.

बनवून घेताना आमच्या डोक्यात गगनबावड्याचं धुकं होतं. म्हणून भिंतींना जाड इन्सुलेशन, खिडक्या लहान. तिथेच चुकलं. वर पहाटे पांघरूण लागतं आणि घाट उतरला की शर्ट अंगाला चिकटतो. पहिल्याच मे महिन्यात कुणकेश्वरला आम्ही दोघं आणि आई रात्रभर दार उघडं टाकून बसलो होतो. मग टपाला भोक पाडून आतली हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, समोरच्या खिडकीला डासांची जाळी. एवढ्या खर्चात सगळ्यात जास्त सुख या पंख्याने दिलं. कोकणासाठी गाडी करणार असाल तर आधी वाऱ्याची सोय करा, फ्रीज नंतर.

बॅटरी लिथियमची, 100 अँपियर-तासांची, म्हणजे साधारण 1280 वॅट-तास. फ्रीज आणि रात्रभर पंखा चालवून दोन रात्री निघतात. पण जुलैत गगनबावड्याला पॅनल जवळजवळ नावापुरतंच. तेव्हा चालत्या इंजिनावरून बॅटरी भरणारा चार्जर उपयोगी पडला. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी तो वगळू नये.

घाटाचं सांगायलाच हवं. टाकी मागच्या चाकांच्याही मागे होती. भरलेली असली की वळणावर गाडीचा मागचा भाग झोके घ्यायचा आणि माझे हात घामाने ओले व्हायचे. टाकी पुढे सरकवून घेतली. आता उतरताना ती अर्धीच ठेवतो, उरलेलं पाणी वैभववाडीत भरतो. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरायचं. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून पकड सोडतो.

खाऱ्या हवेने तिसऱ्या महिन्यात वायरींच्या टोकांवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढवली. सगळे जोड उघडून घासले, वर ग्रीस लावलं. आता प्रत्येक फेरीनंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतो. गादी फोमची होती, ओलीला कुबट वास यायचा. आता काथ्याची आहे, खाली फळ्यांमध्ये फटी ठेवल्यात.

मुक्काम मात्र किनाऱ्यावर नको. वाळूत गाडी घालू नका, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं याच वाळूत अंडी घालतात आणि चाकाखाली घरटं आलं तर ते कळतही नाही. आम्ही एखाद्या घराच्या अंगणात विचारून, पैसे देऊन राहतो. गाडीतल्या संडासाची पेटीही त्यांच्याच शौचालयात, परवानगीने रिकामी करतो. सकाळी चुलीवरचं घावन मिळतं, ते वेगळंच.

आणखी एक: गाडीची रचना बदलली तर आरटीओत नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते येतं. आम्ही काम सुरू करण्याआधी परवानगी घेतली, म्हणून विमा काढतानाही अडलं नाही.

आईची एक तक्रार अजून बाकी आहे, चढायची पायरी उंच पडते. घडीची लोखंडी पायरी करायला टाकलीय, पुढच्या फेरीआधी बसेल.