घरी ५०-६० माणसांचं जेवण: स्टीलची ताटं, पत्रावळी की पेपर प्लेट?

सत्यनारायण, बारसं, डोहाळजेवण काहीही असो, ताटांचा विषय नेमका आदल्या दिवशी निघतो आणि मग कुणीतरी पटकन जाऊन चंदेरी प्लेटांची बंडलं घेऊन येतं, कारण स्वस्त आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. म्हणून आधी त्यांचंच सांगते.

"कागदाच्याच तर आहेत" असं सगळे म्हणतात. एक प्लेट रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी कागदाचा लगदा झालेला असतो आणि वरचा चकचकीत पापुद्रा अख्खाच्या अख्खा हातात येतो, तो प्लॅस्टिकचा असतो. भंगारवाला ही प्लेट ना कागद म्हणून घेत ना प्लॅस्टिक म्हणून, त्यात खरकटं लागलेलं, म्हणजे थेट डम्पिंगवर. प्लॅस्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत आणि महाराष्ट्रात त्याच महिन्यात प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी प्लेट-कपांवरही बंदी आली, तरी विकतात ते विकतातच. चहाच्या कागदी कपाला आतून असाच थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी तपासलं तर १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत साधारण २५,००० सूक्ष्म कण उतरले होते. लहान मुलांना तरी त्यात गरम दूध देऊ नका प्लीज.

माझी पहिली पसंती स्टीलच. केटररकडे किंवा मांडववाल्याकडे भाड्याने मिळतात, काही गावांत बचत गटही भांडी देतात, मोजून घ्यायची मोजून परत करायची. खरा प्रश्न घासणार कोण आणि पाणी किती. नळ सोडून घासायला बसलात तर पाणी भरपूर जातं, त्यापेक्षा खरकटं आधी एका बादलीत निपटून घ्या, मग एक घमेलं साबणाचं आणि दोन विसळायची, खूप कमी पाण्यात होतं. आणि मावशींना त्या दिवसाचे पैसे वेगळे ठरवून द्या हो, रोजच्या पगारात ६० ताटं ढकलणं बरोबर नाही.

टँकरवर दिवस काढताय, किंवा घासायला माणूसच नाही, तर सरळ पळसाची पत्रावळ. काड्यांनी टाचलेली असते ती सगळ्यात चांगली, पूर्ण मातीत जाते. पातळ आमटी मात्र फटीतून गळते त्यामुळे सोबत द्रोण हवेतच. मशीनवर दाबलेली घेताना वरून नख फिरवून बघा, काहींवर पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते, मग पत्रावळ घेऊन काय फायदा? जेवणं झाली की त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाका.

सुपारीच्या प्लेट पोफळीच्या गळून पडलेल्या झावळीच्या रुंद देठापासून करतात, मजबूत असतात, रस्सा आरामात पेलतात, उभ्याने जेवायचं असेल तर याच घ्या. पण या सगळ्यांत महाग, ६० माणसांना परवडतीलच असं नाही. उसाच्या चिपाडाच्या पांढऱ्या प्लेट त्यामानाने स्वस्त, कोरड्या नाश्त्याला ठीक, गरम तेलकट रस्सा जास्त वेळ राहिला की मऊ पडतात.

पाण्याचं विसरू नका, कारण ताटं स्टीलची आणतात आणि शेजारी छोट्या बाटल्यांचा बॉक्स ठेवतात. प्रत्येक जण दोन घोट पिऊन बाटली सोडतो, मग दुसरी उघडतो. २० लिटरचे जार किंवा पिंप ठेवा, पेले ताटांसोबतच भाड्याने सांगा, पंगत असेल तर दोन पोरांच्या हातात जग द्या, आवडीने वाढतात.

टाचलेल्या पत्रावळी हव्या असतील तर लग्नसराईत आठ-दहा दिवस आधीच दुकानात सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर परत चंदेरीच हातात पडतात.