एचएमटी जनता: ४६ वर्षं वापरून मग लिहिलेला अभिप्राय

जावयानं मोबाइल पुढं केला. "बाबा, हे एचएमटी जनता घेऊ का? जुनं आहे, पण ओरिजिनल म्हणतायत." केशरी डायल, नव्या गाडीसारखं चकचकीत. मी नको म्हणेपर्यंत पठ्ठ्यानं पैसे भरलेसुद्धा होते.

घड्याळ आलं. डायलवरच्या 'पॅराशॉक'ची (म्हणजे धक्क्यापासून संरक्षण) अक्षरं चिरमुऱ्यांसारखी विस्कटलेली, काटे एकमेकांशी न जुळणारे, आणि मागच्या झाकणावर पान्याचे एवढे ओरखडे की एखाद्या नटबोल्टवर नसतील. आमच्या घड्याळजीनं उघडून दाखवलं: दोन-तीन मेलेल्या घड्याळांची हाडं जमवून एक उभं केलेलं, वरून डायलला रंग. तर पहिला सल्ला हाच. ऑनलाइन जुनं जनता बघताना रंगीत, कोरी डायल दिसली की पुढं सरका. पांढरी, कडेनं किंचित पिवळी पडलेली बरी. हिंदी अक्षरांत 'जनता' लिहिलेलं अस्सल मिळालं तर मात्र सोडू नका.

आता माझं. १९७९ साली घेतलं. तेव्हा एचएमटी दुकानात जाऊन हवं तेव्हा मिळत नव्हतं. मावसभाऊ पलटणीत होता, त्याच्या मिलिटरी कँटीनमधून आलं. १७ ज्वेल (चाकांच्या टोकांखाली बसवलेले छोटे खडे, झीज कमी करायला), हातानं चावी द्यायची, सेकंदाला पाच ठोके. सकाळी चहा ठेवला की चावी, हा माझा नेम. दिवसाला अर्धा मिनिट पुढं जातं, रविवारी रेडिओवर लावून घेतो. तारीख नाही. अंधारात दिसत नाही. पावसाळ्यात काचेला आतून दव धरतं, म्हणून जून ते सप्टेंबर ते कपाटात असतं. काचेवर ओरखडे आले की टूथपेस्ट लावून मऊ कपड्यानं घासा, जातात. तीन-चार वर्षांनी एकदा ऑइलिंग. बास.

खरं म्हणजे माझ्यासाठी एचएमटी, म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, आधी लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र), घड्याळ नंतर. पुण्यात औंधच्या आयटीआयमधून टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, होऊन भोसरीच्या कारखान्यात लागलो, तेव्हा माझ्या पुढ्यात एचएमटीचा लेथ होता. सकाळी माप बसवलं की शिफ्ट सुटेपर्यंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागानंही हलायचं नाही. घड्याळं काढणं हा सरकारचा धंदा आहे का, असं लोक विचारतात. पण क्रम बघा. नेहरूंच्या सरकारनं १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीला हाताशी धरून बंगळुरूला कारखाना काढला, तो यंत्रं बनवणारी यंत्रं करायला. घड्याळं आली १९६१ ला, जपानच्या सिटिझनबरोबर. आधी सुटे भाग तिकडून आणून जोडायचे, मग हळूहळू इथंच करायचे. ज्याला बारीक शाफ्ट अचूक टर्न करता येतो, त्याला घड्याळ जमतं. आमच्या पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनचा कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, उभा राहिला तोही याच काळातला. गावाकडून आलेल्या आमच्यासारख्यांच्या हातात मायक्रोमीटर आला, तो या लाटेत. खाजगी कारखानदारानं एवढी वाट बघितली असती, असं मला वाटत नाही.

पण म्हणून आरती ओवाळणार नाही. मुंबईला आयआयटी आली १९५८ ला. आमच्या माणदेशातल्या गावात पाचवीचा वर्ग नव्हता. मी रोज सहा किलोमीटर चालत दुसऱ्या गावी गेलो, माझी थोरली बहीण चौथीनंतर घरीच राहिली. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी आखलेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलाद आलं, अवजड यंत्रं आली. त्यात तिच्यासाठी बाकडं नव्हतं. हा हिशेब मी नेहरूंच्या खात्यावरच मांडतो. भाचीला विचारा, ती जास्त कडक मांडेल.

आणि घड्याळाचं काय झालं तेही त्याच मातीतलं. गिऱ्हाईक रांगेत उभं होतं तोवर बंगळुरूला घाई नव्हती. क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरची घड्याळं, एचएमटीनंही काढली, पण जीव चावीच्या घड्याळात अडकलेला. टाटांची टायटन १९८४ साली सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ बदललं. माझ्या लग्नात एचएमटी, माझ्या मुलीच्या लग्नात टायटन. जावयाला मीच घेतलं, काय करणार, जनता दिसायला साधं. २०१६ च्या जानेवारीत केंद्रानं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. एचएमटीच्या नावानं नवी घड्याळं आजही विकली जातात, त्यांच्याबद्दल मी इथं बोलत नाही, वापरलेली नाहीत.

पाचपैकी चार तारे. एक पावसासाठी कापला. कोणी घ्यावं? ज्याला रोज सकाळी अर्धा मिनिट चावी द्यायचा कंटाळा नाही, आणि ज्याच्या ओळखीचा घड्याळजी अजून दुकान उघडतो, त्यानं. आमचा बहात्तर वर्षांचा आहे, त्याच्याकडं शिकायला कोणी नाही.

केशरी घड्याळाचे पैसे परत मिळाले नाहीत. जावई ते घालतो. दुपारी दोनला बंद पडतं, म्हणतो दिसतं छान. परवा मी भोसरीला जुन्या मित्राच्या वर्कशॉपवर गेलो होतो. कोपऱ्यात एचएमटीचा एनएच-२२ लेथ, नावाची पट्टी उडालेली, त्यावर बिहारचा एक पोरगा थ्रेडिंग करत होता, म्हणजे आटे पाडत होता. मी व्हर्नियर मागून जॉब मोजला. बरोबर होता.